शाह अब्बासच्या मुलांचं काय झालं? आमच्या पोरांना काय सांगू?

सावलीतलं_झाड | रविवार, सकाळी ११:२०

आमच्या गावच्या वाचनालयात मी दर शनिवारी संध्याकाळी मुलांना गोष्टी सांगते. चौथी ते आठवीची पंधरा-वीस मुलं असतात. सध्या जगातल्या शहरांच्या गोष्टी चालू आहेत. काल इस्फहान होतं.

छान रंगलं होतं. १५९८ मध्ये इराणचा सफवी घराण्यातला राजा शाह अब्बास याने राजधानी कझवीनहून इस्फहानला आणली, तिथं नक्श-ए-जहान हे भलंमोठं मैदान आखलं, ते सगळं सांगितलं. मैदान साधारण ५६० मीटर लांब आणि १६० मीटर रुंद आहे. आमच्या शाळेचं मैदान त्यात किती वेळा बसेल ते मुलांनीच फळ्यावर खडूने चौकोन काढून मोजलं. फळ्यावर वरती मी मोठ्या अक्षरांत ‘शाह अब्बास महान’ लिहिलं होतं.

शेवटी पाचवीतला एक मुलगा, जो नेहमी सतरंजीच्या दशा ओढत बसलेला असतो, त्याने विचारलं, “बाई, मग त्याच्यानंतर त्याचा मुलगा राजा झाला का?”

मी म्हटलं, “नातू झाला.”

“मुलगा का नाही?”

मी म्हटलं, पुढच्या शनिवारी सांगते. आणि सतरंजी गुंडाळायला घेतली.

उत्तर मला माहीत होतं, तेच तर अवघड झालं. अब्बासला पाच मुलगे. दोघं लहानपणीच गेले. थोरला मोहम्मद बाकिर, ज्याला सफी मिर्झा म्हणत, तो १६१५ मध्ये रश्त शहरात बापाच्याच हुकमाने मारला गेला. दुसरा मोहम्मद मिर्झा, त्याला १६२१ मध्ये आंधळं केलं. धाकटा इमाम कुली मिर्झा, पाच-सहा वर्षांनी त्याचीही तीच गत. १६२९ मध्ये अब्बास वारला तेव्हा गादीवर बसेल असा एकही मुलगा उरला नव्हता. मारलेल्या सफी मिर्झाचा मुलगा साम मिर्झा, तो ‘शाह सफी’ नाव घेऊन बसला.

दहा वर्षांच्या मुलाला हे कसं सांगायचं? आणि फळ्यावरचं ‘महान’ तसंच ठेवायचं का? तुम्ही काय केलं असतं?

बुरुज | रविवार, दुपारी १२:०५

महान ठेवा. राजाला बाप म्हणून मोजायचं नाही, राजा म्हणूनच मोजायचं.

अब्बास गादीवर आला तेव्हा पश्चिमेकडून उस्मानी आणि पूर्वेकडून उझबेक इराणचे लचके तोडत होते. किझिलबाश, म्हणजे सफवींना गादीवर आणणाऱ्या तुर्कमान टोळ्यांचे सरदार, शहाला खिशात घालून फिरत होते. या माणसाने नवं सैन्य उभं केलं, तबरीझ परत घेतलं, १६२२ मध्ये पोर्तुगीजांकडून होर्मुझ घेतलं, त्याच वर्षी जहांगीरकडून कंदाहार घेतलं, पुढच्या वर्षी बगदाद. घरात एखादा शहजादा हाताशी धरून सरदारांनी बंड केलं असतं तर यातलं काहीही झालं नसतं. आणि त्या काळात सगळीकडे हेच होतं. उस्मानी सुलतान तिसऱ्या मेहमेदने १५९५ मध्ये गादीवर येताच १९ भाऊ मारले.

मुलांना सांगा की राजकारणात असं व्हायचं. मुलांना कळतं.

कोजागिरी | रविवार, दुपारी १२:३१

@बुरुज, “सगळीकडे हेच होतं” म्हटलं की सफी मिर्झा या एका माणसाचं काय झालं ते सांगायचं राहूनच जातं. प्रश्न विचारणाऱ्या पोराला सगळीकडचं नाही विचारायचं. त्याला या मुलाचं विचारायचंय.

रानजाई | रविवार, दुपारी ३:१५

झाडबाई, माझं मत असं की गोष्ट १६१५ पासून सुरूच करू नका. १५७७ पासून करा. हेरात शहरापासून.

अब्बास १५७१ मध्ये हेरातला जन्मला. तो सहा वर्षांचा असताना त्याचा काका दुसरा इस्माईल शाह झाला होता. या इस्माईलला त्याच्या बापाने, शाह तहमास्पने, कहकहा किल्ल्यात जवळपास वीस वर्षं कोंडून ठेवलं होतं. बाहेर पडून गादीवर बसल्याबरोबर त्याने भाऊ आणि चुलतभाऊ मारायचा सपाटा लावला. हेरातच्या त्या सहा वर्षांच्या पोरालाही मारायचा हुकूम निघाला. हुकूम घेऊन गेलेला अली कुली खान शामलू हेरातला पोचला आणि त्याने चालढकल केली. आज नको, उद्या बघू. तेवढ्यात राजधानीत इस्माईलच मेला. पोरगं वाचलं.

दीड-दोन वर्षांनी, १५७९ मध्ये, किझिलबाश सरदारांनी त्याच्या आईचा गळा आवळला. १५८६ मध्ये थोरला भाऊ हमझा मिर्झाचा खून झाला. १५८७ मध्ये सोळा वर्षांच्या अब्बासला एका सरदाराने, मुर्शिद कुली खानने, कझवीनला नेऊन गादीवर बसवलं आणि बापाला उतरवलं. म्हणजे शहजादा हाताशी धरून बापाला कसं काढतात हे अब्बासला कुणी शिकवायची गरज नव्हती. तो स्वतःच तो शहजादा होता.

पुढे आपल्या मुलांकडे बघताना त्याला मुलं दिसतच नसतील. त्याला सोळा वर्षांचा अब्बास दिसत असेल.

त्याचं समर्थन करत नाहीये मी. पण मुलांना “राजा दुष्ट होता” एवढंच सांगण्यापेक्षा हे खरं आहे, आणि त्यांना समजेल असंही आहे.

गोदातीर | रविवार, दुपारी ३:४०

रानजाई, फार सुंदर प्रतिसाद. शेवटची दोन वाक्यं थांबून परत वाचली.

आजोबा_सातारकर | रविवार, संध्याकाळी ५:०२

धागा वाचतोय. लहान नातवंडांना इतिहास सांगणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. एक शंका. मारायचंच असतं तर डोळे का काढायचे? यामागे काही कायदा होता का?

बुरुज | रविवार, संध्याकाळी ५:२०

आजोबा, समजूत अशी होती की राजा अव्यंग हवा. आंधळा माणूस गादीवर बसू शकत नाही. म्हणजे राजाचं रक्त न सांडता वारस बाद करायची ही पद्धत. त्यातल्या त्यात ‘दया’ म्हणूनच बघत असत.

गोदातीर | रविवार, संध्याकाळी ५:४८

बुरुज, इथं एक अडचण आहे. अब्बासचे वडील मोहम्मद खुदाबंदा डोळ्यांच्या आजाराने जवळपास आंधळेच होते, आणि तरी १५७८ ते १५८७ शाह होते. कारण दुसरा इस्माईल मरण पावला तेव्हा त्याच्या हातून वाचलेले मोठे शहजादे जवळजवळ उरलेच नव्हते. अधू डोळ्यांमुळे कुणी त्यांना धोका मानलं नाही, म्हणून तर ते जगले.

आणि पुढचं उदाहरण म्हणजे नादिरशहाचा नातू शाहरुख. १७५० मध्ये त्याचे डोळे काढले, तरी त्यानंतर चाळीसेक वर्षं तो खुरासानात मशहदला नावापुरता का होईना राज्य करत होता. समजूत होती हे खरं. गरज पडली की ती गुंडाळून ठेवत हेही खरं.

बुरुज | रविवार, संध्याकाळी ६:१०

मान्य. शाहरुखचं लक्षात नव्हतं.

अत्तरदाणी | रविवार, रात्री ९:२५

सफी मिर्झाच्या खुनाची बातमी आपल्याकडेही आली होती. जहांगीरने आपल्या आठवणींत ती नोंदवली आहे, बेहबूद नावाच्या गुलामाने मारलं, असं नावासकट. पुढे तो म्हणतो की इराणहून येणाऱ्या लोकांना मी कारण विचारत राहिलो, पण कुणी पटेल असं उत्तर दिलं नाही. मुलाला मारायचं म्हणजे तसंच जबरदस्त कारण हवं, असा त्याचा सूर आहे.

हे लिहिणारा जहांगीर कोण? १६०६ मध्ये बंड केलं म्हणून स्वतःचा थोरला मुलगा खुसरो याचे डोळे अधू करणारा. हा खुसरो पुढे १६२२ मध्ये बऱ्हाणपूरला भावाच्या, म्हणजे शाहजहानच्या, कैदेत मेला. अलाहाबादच्या खुसरो बागेत त्याची कबर आहे. मी पाहिली आहे. बाहेर पेरूवाले बसलेले असतात, आत एकदम शांत.

जहांगीर आणि अब्बास एकमेकांना भाऊ म्हणत. दोघं कधीच भेटले नाहीत, पण जहांगीरने अबुल हसनकडून दोघांच्या गळाभेटीचं चित्र काढून घेतलं. पृथ्वीच्या गोलावर सिंह आणि मेंढी बसलेत, सिंहावर जहांगीर उभा, मेंढीवर अब्बास, आणि जहांगीर अब्बासला कवेत घेतोय. ते चित्र आता वॉशिंग्टनला आहे. मी त्याची छापील प्रत कितीदा पाहिली असेल. पण या धाग्यामुळे आज पहिल्यांदा मनात आलं की हे दोन बाप आहेत, आणि दोघांच्याही घरी डोळे गेलेला मुलगा आहे किंवा असणार आहे.

कोजागिरी | रविवार, रात्री ९:५०

अंगावर काटा आला.

वाटसरू | सोमवार, सकाळी ७:३०

कामानिमित्त इराणला तीनदा गेलो, त्यातले चार दिवस इस्फहानला. मैदानाच्या पूर्वेला शेख लुत्फुल्ला मशीद आहे. तिला मिनार नाही आणि अंगणही नाही. दारातून आत शिरलं की एक वळणाचा अंधारा बोळ लागतो, आणि त्यातून एकदम घुमटाखाली येतो आपण. घुमटाच्या आतल्या बाजूला पिवळसर मातकट रंगावर लिंबाच्या फोडीसारखे आकार आहेत, कडेला मोठे, वर जाताना लहान लहान होत जाणारे. जाळीतून ऊन येतं. आमच्याबरोबरचा एक कायम बडबड करणारा सहकारी तिथं वीस मिनिटं गप्प उभा होता.

काल हा धागा वाचला आणि तारखा बघितल्या. मशिदीचं काम १६०३ ते १६१९ चाललं. म्हणजे सफी मिर्झाला मारलं तेव्हा इथं फरशा बसवणं चालू होतं.

शाह अब्बास १६०१ मध्ये इस्फहानहून मशहदला पायी चालत गेला होता, नवस म्हणून. २८ दिवस. तोही हाच माणूस. मला तरी यातलं एक खरं आणि दुसरं खोटं असं वाटत नाही.

बुरुज | सोमवार, सकाळी ९:१५

वाटसरू, हेच म्हणायचं होतं मला, तुम्ही जास्त चांगलं म्हटलंत.

पण एका गोष्टीवर मीही मत बदलतोय. राजा म्हणून मोजा म्हटलं होतं ना, तर तसं मोजतो. आधीच्या सफवी शहांच्या काळात शहजाद्यांना लहानपणीच सुभ्यावर पाठवत. बरोबर एक सरदार ‘लला’ म्हणून देत. पोरगं कारभार, घोडा, लढाई, माणसं, सगळं तिथंच शिकायचं. अब्बासने हे बंद करत आणलं आणि शहजादे जनानखान्यात ठेवायला सुरुवात केली. बंड बंद झालं. शिक्षणही बंद झालं.

त्याच्या पणतूचा मुलगा सफी १६६६ मध्ये गादीवर आला. त्याला न्यायला माणसं आली तेव्हा मारायला किंवा डोळे काढायला आलेत असं वाटून तो बाहेर यायलाच तयार नव्हता, असं सांगतात. पहिली दोन वर्षं दुखणी आणि संकटं यांतच गेली म्हणून ज्योतिषांच्या सल्ल्याने नाव बदलून १६६८ मध्ये ‘सुलेमान’ म्हणून पुन्हा राज्याभिषेक केला. त्याचा मुलगा सुलतान हुसेन, तोही तसाच भिंतींत वाढलेला. १७२२ मध्ये अफगाणांनी सहा महिने इस्फहानला वेढा घातला आणि त्याने आपल्या हाताने मुकुट महमूद होतकीच्या डोक्यावर ठेवला. खेळ खलास.

शंभर वर्षांनी आलेलं बिल आहे हे. राजा म्हणून मोजलं तरी ही चूक आहे.

रानजाई | सोमवार, सकाळी ९:४०

बुरुज, मनापासून धन्यवाद. इतक्या सरळपणे मत बदलणारं फार कमी दिसतं.

नगरी_माणूस | सोमवार, दुपारी १:१०

अवांतर आहे, पण शहजाद्यांवरचंच आहे आणि आमच्या नगरशी संबंध आहे म्हणून लिहितो.

रशियात क्रेमलिनच्या खजिन्यात ‘शाह’ नावाचा हिरा आहे. सुमारे ८८ कॅरट, लांबट, फिकट पिवळसर. त्यावर तीन नावं कोरली आहेत. पहिलं नाव आमच्या अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहा दुसऱ्याचं, हिजरी १००० चं, म्हणजे इसवी सन १५९१-९२. दुसरं शाहजहानचं. तिसरं इराणच्या फतह अली शाह काजारचं, १८२६ च्या आसपासचं. हिऱ्यावर अक्षर कोरायचं म्हणजे हिऱ्याचीच पूड आणि तेल लावलेली सुई घेऊन ओरखडत बसायचं. आमच्या भुईकोट किल्ल्यासमोरून रोज जाताना मला कधी कधी वाटतं, तो कारागीर इथंच कुठं तरी वाकून बसला असेल.

आता शहजाद्याचं. १८२९ मध्ये तेहरानला जमावाने रशियन वकील ग्रिबोयेदोव आणि त्याच्या माणसांना मारलं. ग्रिबोयेदोव मोठा नाटककार होता. युद्ध परत पेटेल म्हणून फतह अली शाहने माफी मागायला आपला सोळा वर्षांचा नातू खुसरो मिर्झा याला पीटर्सबर्गला पाठवलं. हा युवराज अब्बास मिर्झाचा मुलगा. तो झार निकोलसपुढे उभा राहिला, बोलला, हा हिरा दिला, आणि सगळ्या शहराचं मन जिंकून आला. युद्ध टळलं.

पाच वर्षांनी आजोबा वारले. बाप आदल्याच वर्षी गेला होता. भाऊ मोहम्मद शाह गादीवर आला. त्याने खुसरो मिर्झाचे डोळे काढले.

एका पोराने देश वाचवला त्याचं हे बक्षीस. मला तो हिरा कधी पाहायला मिळाला तर त्यातलं आमच्या नगरचं नाव शोधीन हे खरं, पण आठवण त्या पोराची येईल.

अत्तरदाणी | सोमवार, दुपारी १:३५

नगरी, हे अवांतर नाहीच. मुख्य धाग्यातच शोभेल. मला तो हिरा माहीत होता, खुसरो मिर्झाचं पुढचं काहीच माहीत नव्हतं.

चिंचोका | सोमवार, दुपारी २:००

फतह अली शाहचं नाव आलंच आहे तर. पुण्यात कॉलेजात असताना माझ्या वर्गात दोन इराणी मुलं होती. एकदा कॅम्पातल्या इराण्याकडे चहा पिताना मी फुशारकीने फतह अली शाहचं नाव काढलं, तर दोघं एकदम हसायलाच लागले. त्यांच्याकडे जुनी म्हण आहे म्हणाले: उंट, उवा आणि शहजादे कुठंही सापडतात! कारण या बाबाला शेकडो बायका, आणि तो १८३४ मध्ये वारला तेव्हा हयात मुलगेच साठाच्या घरात. नातवंडं तर मोजायची सोय नव्हती. गावोगावचे सुभे मुलांनाच वाटलेले.

म्हणजे अब्बासने एकही मुलगा धड ठेवला नाही आणि याने एकही गाव शहजाद्याविना ठेवलं नाही. 🙂

आजोबा_सातारकर | सोमवार, दुपारी २:२०

चिंचोका, हसलो. पण साठ मुलगे असूनही गादीचा गोंधळ टळला नाही ना? त्या काळच्या प्रजेची कीव येते. प्रत्येक शहजाद्याचा वाडा शेवटी शेतकऱ्याच्या धान्यावरच उभा असतो.

चिंचोका | सोमवार, दुपारी २:४५

अजिबात टळला नाही आजोबा. युवराज अब्बास मिर्झा बापाच्या आधी, १८३३ मध्ये गेला. मग नातू मोहम्मद युवराज झाला. शाह वारल्यावर एका काकाने तेहरानला स्वतःला शाह जाहीर केलं, ते चाळीसेक दिवस टिकलं. त्याच धाकाने मोहम्मद शाहने आपल्या भावांचे डोळे काढले असणार, जे नगरीभाऊंनी वर लिहिलंय.

पाटलीणबाई | सोमवार, रात्री ८:१०

सगळे प्रतिसाद वाचले. मी दोन मुलांची आई आहे, इतिहासातलं फार कळत नाही. पण कुठंतरी वाचलं होतं की आंधळ्या केलेल्या मोहम्मद मिर्झाला फातिमा नावाची लहान मुलगी होती, आजोबा शाह अब्बासचा तिच्यावर फार जीव. तर त्या आंधळ्या बापाने शाहला दुःख व्हावं म्हणून स्वतःच्या हाताने तिला मारलं. हे खरं आहे का हो? वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

गोदातीर | सोमवार, रात्री ८:४५

पाटलीणबाई, ही गोष्ट युरोपीय लोकांच्या लिखाणातून आली आहे आणि ती फार रंगवलेली आहे. मला ती खरी मानावीशी वाटत नाही. तशीच दुसरी गोष्ट, सफी मिर्झाला मारणाऱ्या बेहबूदला शाहने नंतर “तुझ्या स्वतःच्या मुलाचं डोकं आण” असं फर्मावलं, तीही अशीच. लोकांना वाटतं, एवढं पाप केलं त्याला त्याच मापाची शिक्षा व्हायला हवी. ती इतिहासात सापडली नाही की लोक गोष्टीत देतात. झाडबाई, या दोन्ही गोष्टी मुलांना सांगू नका, अशी विनंती.

कोजागिरी | सोमवार, रात्री ८:५८

सहमत. जे झालं तेच पुरेसं वाईट आहे, वरून मीठमसाला नको.

रानजाई | मंगळवार, सकाळी १०:३०

दोन दिवस चर्चा चालू आहे आणि अजून कुणी मुलींचं नाव घेतलं नाही, मीसुद्धा नाही. ‘मुलं’ म्हटलं की आपण मुलगेच धरतो.

अब्बासला मुलीही होत्या. झुबैदा बेगमचं लग्न सफवी घराण्यातल्याच इसा खानाशी झालं होतं. दुसऱ्या मुलीचा नवरा खलिफा सुलतान नावाचा मोठा विद्वान, पुढे वजीर झाला. राजाच्या मुलींना कुणी आंधळं करत नसे, कारण त्या गादीवर बसणार नव्हत्या. पण त्यांच्या पोटी मुलगे होत. अब्बास गेल्यावर तीन वर्षांनी, १६३२ मध्ये, शाह सफीने इसा खान आणि त्याची मुलं मारली, आणि खलिफा सुलतानच्या मुलांचे डोळे काढले. तीही अब्बासचीच नातवंडं, मुलींकडची. शाह सफी त्यांचा मामेभाऊ. त्याच्या स्वतःच्या बापाला आजोबाने मारलेलं.

खलिफा सुलतानला वजिरीवरून काढलं. तेरा वर्षांनी दुसऱ्या अब्बासने त्याला पुन्हा बोलावून वजीर केलं. तो परत आला, काम केलं. घरी आंधळी मुलं. सकाळी दरबारात जाताना त्या माणसाच्या मनात काय येत असेल याचा मी काल रात्री खूप वेळ विचार करत होते.

सावलीतलं_झाड | मंगळवार, सकाळी ११:००

रानजाई, हे वाचून सुन्न झाले. माझ्या वर्गात अर्ध्याहून जास्त मुली आहेत. त्यांनी विचारलंच असतं.

सगळ्यांचे आभार. मी वहीत टिपणं काढतेय. बुरुज यांचं जनानखान्याचं आणि रानजाईंचं हेरातचं घेणार आहे.

पालीकर | मंगळवार, दुपारी ४:१५

उशिरा आलो धाग्यावर. मुलांना हे सगळं लांबचं वाटू नये म्हणून एक जवळचा धागा देतो.

औरंगजेबाची बायको दिलरस बानू बेगम ही सफवी घराण्यातली. इराणचा पहिला शाह इस्माईल, त्याच्या वंशातलं एक घराणं मोगलांकडे येऊन राहिलं होतं, त्यातली ही मुलगी. तिला सप्टेंबर १६५७ मध्ये मुलगा झाला, अकबर. महिनाभरात, ऑक्टोबरमध्ये, ती औरंगाबादेत वारली. तिची कबर म्हणजे बीबी का मकबरा. ताजमहालच्या वास्तुकाराच्या मुलाने, अताउल्लाने, बांधलेला.

तो एक महिन्याचा आईवेगळा अकबर मोठा होऊन १६८१ मध्ये बापाविरुद्ध उठला. डाव फसला. दुर्गादास राठोडाने त्याला सांभाळून दक्षिणेत आणलं, आणि तो छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. कुठं? आमच्या पालीजवळ. सुधागडाच्या पायथ्याला पाच्छापूर गाव आहे, त्याचं मूळ नाव पातशहापूर असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. महाराज आणि अकबर १६८१ च्या नोव्हेंबरात तिथंच भेटले. गडाच्या एका दरवाजाचं नावही पाच्छापूर दरवाजा आहे.

कोकणातला पाऊस त्याला सोसला नसावा. पाच-सहा वर्षं इथं काढली आणि १६८७ मध्ये राजापूरहून जहाजात बसून तो इराणला गेला, आईच्या पूर्वजांच्या घरी. तिथं तेव्हा कोण शाह होता? बुरुज यांनी लिहिलेला सुलेमान, दोनदा राज्याभिषेक झालेला. त्याने आसरा दिला, पण बापाविरुद्ध लढायला फौज दिली नाही. अकबर मशहदला, बापाच्या आधीच, वारला.

त्याची लहान मुलगी आणि मुलगा मारवाडातच दुर्गादासाकडे राहिले होते. दुर्गादासाने त्या मुलीला कुराण शिकवायची सोय केली होती. १६९० च्या दशकात ती परत गेली तेव्हा औरंगजेब तिला शिकवायला कुणी बघू लागला, तर तिला आधीच येत होतं. मुलांना सांगायचंच असेल तर यातला दुर्गादास सांगा. शत्रूची नातवंडं ताब्यात असताना त्याने काय केलं, ते.

वाटसरू | मंगळवार, दुपारी ४:५०

पालीकर, वा! इस्फहानच्या चेहेल सुतून महालात भिंतभर चित्रं आहेत, त्यातल्या एकात हुमायून शाह तहमास्पकडे पाहुणा म्हणून बसलाय. तोही मोगलच, आसरा मागायला आलेला. तहमास्पने फौज दिली. म्हणजे अकबराने तिथं जाताना ही आठवण मनात धरलीच असणार.

पालीकर | मंगळवार, संध्याकाळी ५:१०

नक्कीच असणार. हुमायून त्याच्या खापरपणजोबाचा बाप. “माझ्या पूर्वजाला दिलीत, मला का नाही?” असं तो म्हणाला नसेल तरच नवल.

कोजागिरी | बुधवार, सकाळी ८:२०

मकबऱ्यात मी गेलेय. कबर खालच्या पातळीवर आहे, वरून अष्टकोनी संगमरवरी जाळीवरून वाकून बघावं लागतं. लोक नाणी टाकतात. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती, तिला उचलून दाखवलं. तिने विचारलं, “हिचं बाळ कुठंय?” मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं, मी म्हटलं, असेल कुठंतरी. आज पालीकरांमुळे कळलं. ती आता अकरावीत आहे. संध्याकाळी सांगते तिला.

सावलीतलं_झाड | रविवार, सकाळी ९:००

काल शनिवार झाला. सांगते काय झालं ते.

हेरातपासून सुरुवात केली. सहा वर्षांचा मुलगा, हुकूम घेऊन निघालेला घोडेस्वार, “आज नको, उद्या बघू” म्हणणारा अली कुली खान. मुलं अगदी पुढे सरकून बसली होती. काका मेल्याची बातमी आली असं म्हटल्यावर दोन पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग आईचं आणि भावाचं सांगितलं. मग तो राजा कसा झाला ते. मग मैदान आणि मशीद परत थोडक्यात. आणि मग सरळ सांगितलं: मोठा झाल्यावर त्याला भीती वाटत राहिली की माझी मुलंही माझ्याशी तेच करतील जे मी बापाशी केलं. म्हणून त्याने एका मुलाला मारवलं आणि दोघांची दृष्टी घेतली. यापेक्षा जास्त तपशील दिला नाही. मुलींची नावं घेतली, नातवंडांचं एका वाक्यात सांगितलं.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्या सतरंजीच्या दशा ओढणाऱ्याने विचारलं, “त्याच्याकडे पण अली कुली खान नव्हता का कुणी?”

मी म्हटलं, नव्हता. किंवा असेल, पण तो थांबला नाही.

‘महान’चं म्हणाल तर मी फळ्यावर नुसतं ‘शाह अब्बास पहिला’ लिहिलं. एका सातवीतल्या मुलीने लगेच ओळखलं, “बाई, गेल्या वेळी महान होतं.” मी म्हटलं, तुम्ही ठरवा. वाद झाला, चांगला अर्धा तास. शेवटी त्यांनी महान हा शब्द मैदानाच्या चित्राखाली लिहिला आणि राजाच्या नावापुढची जागा मोकळी ठेवली. मी तसंच ठेवलंय. वाचनालयाच्या कारभाऱ्यांना फळा पुसू नका म्हणून सांगून आलेय.

शेवटी पालीकरांची अकबराची गोष्ट सांगितली आणि आता सगळ्यांना पाच्छापूरला जायचंय. डिसेंबरात सहल काढायचा विचार आहे. पालीकर, वीस मुलं आणि तीन मोठी माणसं, जमेल का?

बुरुज | रविवार, सकाळी ९:२५

जागा मोकळी ठेवली हे फार आवडलं. माझ्याकडून त्या मुलांना खाऊ.

पालीकर | रविवार, सकाळी १०:४०

का नाही जमणार! पण डिसेंबरातसुद्धा ऊन वर आलं की सुधागडाची चढण पोरांना दमवते, म्हणून आदल्या दिवशी मुक्कामाला या. सकाळी लवकर निघू. पाच्छापुरात थांबून भेटीची गोष्ट सांगू, मग जमेल तेवढं वर. वर पंत सचिवांचा वाडा आहे, भोराई देवीचं देऊळ आहे, पाणी आहे. छोट्या मुलांना घेऊन पूर्ण गड नको, पण त्या सतरंजीवाल्याला पाच्छापूर दरवाजापर्यंत मी स्वतः नेईन. उतरल्यावर बल्लाळेश्वराचं दर्शन आणि आमच्याकडे जेवण. किती जण तिखट खात नाहीत तेवढं आधी कळवा.